बाहुली बारीक का झाली? : वैद्यकीय शब्दांची फोड

2017 च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. अशा वेळी रुग्ण सांगतो, ‘डोयापुढे अंधारी येते, श्वास घेता येत नाही.’ केसपेपरवर मात्र मायोसिस, ब्रॅडिकार्डिया, डिस्प्निया असे शब्द उमटतात. सोबतच्या नातेवाइकाला ते मंत्रासारखे वाटतात. खरे तर ते जोडशब्द आहेत.

‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, ‘कार्डिया’ म्हणजे हृदय. ब्रॅडिकार्डिया म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणे. ‘टॅकी’ म्हणजे वेगवान, म्हणून टॅकिकार्डियात ठोके वाढतात. ‘प्निया’ म्हणजे श्वसन. त्याआधी लागलेला ‘डिस्’ आपल्या ‘दुर्गंध’, ‘दुष्काळ’ या शब्दांतल्या उपसर्गाचा ग्रीक भाऊबंद. डिस्प्निया म्हणजे कष्टाचा श्वास. अ‍ॅप्नियातला ‘अ’ आपल्यासारखाच नकारार्थी. तिथे श्वासच थांबतो. मराठी परिभाषाही अशीच घडते : हेपॅटायटिस म्हणजे ‘यकृत’ अधिक ‘शोथ’.

ही तिन्ही लक्षणे एकत्र का येतात, हेही एका शब्दात दडले आहे : कोलिनएस्टरेज. शेवटचा ‘एज’ विकराची, म्हणजे एन्झाइमची, खूण आहे. नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप पोहोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन काम झाल्यावर मोडून टाकणे, हे या विकराचे काम. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके त्यालाच निकामी करतात. निरोप संपतच नाही. लाळ, घाम, छातीतला कफ वाढतो, हृदय मंदावते आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. हाच मायोसिस.

इंग्रजीतला ‘प्युपिल’ लॅटिन ‘प्युपिला’वरून आला, त्याचा अर्थही छोटी बाहुलीच! समोरच्याच्या डोळ्यात दिसणारे आपलेच चिमुकले प्रतिबिंब दोन्हीकडच्या माणसांना बाहुलीसारखे वाटले. या विषबाधेवर देतात ते अ‍ॅट्रोपिन बेलाडोना वनस्पतीत सापडते. इटालियनमध्ये ‘बेलाडोना’ म्हणजे सुंदर स्त्री. बाहुल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून तिथल्या स्त्रिया तिचा रस डोळ्यांत घालत, असे सांगतात.

शब्द शिकताना जोड्या सांभाळाव्यात. मायोसिसमध्ये बाहुली आक्रसते, मिड्रियासिसमध्ये विस्फारते. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. एका अक्षराने अर्थ उलटतो. आपले शब्दही नेमके हवेत. ‘पोट दुखते’ एवढ्याने जठर, आतडे की यकृत हे कळत नाही; जागेवर बोट ठेवून दाखवावे.

औषधाच्या डब्यावरचे नावही वाचता येते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांतला ‘फॉस’ फॉस्फरसची खूण देतो. मात्र अ‍ॅसिफेट, मॅलॅथिऑन ही याच गटातली असून त्यांच्या नावात तो नाही. म्हणून नुसत्या नावावर निदान करू नये. विषबाधेची शंका येताच रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे, सोबत डबा किंवा त्याचे लेबल न्यावे आणि बाहुली, लाळ, श्वास यांत काय बदल दिसला ते सांगावे. तेवढे शब्द कळले, तरी डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.