सापसणीची कैद
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली सापसण ही सुगंधी मुळांची वेल फुलात चिलटे कोंडते, पण म्हणून तिला कीटकभक्षी म्हणणे चूक आहे. फुलाच्या अरुंद नळीतले केस आत झुकलेले असल्याने शिरलेल्या चिलटाला परतता येत नाही. आधी स्त्रीकेसर पक्व होतो आणि चिलटाने दुसऱ्या फुलातून आणलेले पराग त्याला मिळतात. पुंकेसर मागाहून फुटतात, केस सुकतात आणि नव्या परागांनी माखलेला कैदी सुटतो. एखादे चिलट आतच मरते, हा आक्षेप खरा. पण त्याला पचवण्याची सोय फुलात नाही, उलट त्याच्या मरणाने परागच अडकून पडतात. खरा धोका माणसाला आहे: सर्पदंशावर दिल्या जाणाऱ्या याच मुळातले अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करते, कर्करोगही घडवते.