अवेळची पानगळ : मेरुरज्जूची इजा आणि एका संज्ञेचा विचार

१९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलस्टेअर करी या तीन विकृतिशास्त्रज्ञांनी पेशींच्या एका विशिष्ट प्रकारच्या मृत्यूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी नाव हवे होते. ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी 'ॲपॉप्टोसिस' हा शब्द सुचविला. झाडावरून पाने, फुलांवरून पाकळ्या गळून पडणे, असा त्याचा अर्थ. वैद्यकाने भाषेच्या अभ्यासकाकडून शब्द मागून घ्यावा, ही घटना आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रत्यक्ष आघाताने मरणारी पेशी फुगते, फुटते आणि आतील द्रव्ये सांडून भोवती दाह उत्पन्न करते. ॲपॉप्टोसिसमध्ये पेशी आक्रसते. केंद्रकातील द्रव्याचे तुकडे पडतात, परंतु बाहेरचे आवरण शाबूत राहते आणि अवशेष शेजारच्या पेशी गिळून टाकतात. हे कार्य पेशीत आधीपासूनच निष्क्रिय रूपात असलेली, कॅस्पेज नावाची विकरे घडवून आणतात. गर्भावस्थेत बोटांमधील पडदा याच रीतीने नाहीसा होतो. येथे पानगळीची उपमा चपखल बसते, कारण ऋतू येतो, पान गळते आणि झाडाचे हितच होते.

मेरुरज्जूच्या इजेत मात्र ही उपमा अडखळते. कण्याला मार बसताच काही पेशी जागीच मरतात. परंतु नाश तेथे थांबत नाही. इजेनंतर सहा तासांपासून तीन आठवड्यांपर्यंत पेशी ॲपॉप्टोसिसने मरत राहतात, विशेषतः श्वेत द्रव्यात, असे १९९७ साली उंदीर व माकडे यांवरील संशोधनात दिसून आले. त्यांत ऑलिगोडेन्ड्रोसाइट या पेशीही असतात. अशी एकेक पेशी अनेक मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टन चढविते. ती मेली म्हणजे आघातातून वाचलेले तंतूही उघडे पडतात आणि त्यांतून संदेश नीट जात नाहीत. ही अवेळची पानगळ होय.

मराठीत या घटनेस काय म्हणावे? 'पेशींची आत्महत्या' हा शब्दप्रयोग रूढ असला तरी समर्पक नाही. येथे पेशी काही ठरवीत नाही, भोवतालची बिघडलेली स्थिती तिच्यावर मरण लादते. 'पेशीमृत्यू' म्हणावे, तर हिंदीभाषक वाचकास 'पेशी' म्हणताच मांसपेशी, म्हणजे आपला स्नायू आठवतो. अंग लुळे पडण्याच्या संदर्भात हा घोटाळा सहज होईल. हिंदीतील 'कोशिका' हीच संज्ञा मराठी विश्वकोशातही आढळते. आंतरभारतीय व्यवहारास ती अधिक सोयीची.

खरी अडचण 'नियोजित' या विशेषणाची आहे. रुग्णाच्या आप्तांनी 'नियोजित मृत्यू' हे शब्द ऐकले तर त्यांना त्यात विधिलिखित ऐकू येईल. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. योजना आहे ती मरण्याच्या रीतीची. मरण्याची घटका कोठेही लिहून ठेवलेली नाही. आघाताच्या क्षणी मेलेली पेशी परत येत नाही. पण जी टप्प्याटप्प्याने मरते, तिला एखाद्या टप्प्यावर अडविता येणे तत्त्वतः शक्य असते. माणसाच्या मेरुरज्जूत ही पानगळ खात्रीने थोपविणारे सर्वमान्य औषध अद्याप हाती आलेले नाही. तथापि संशोधकांची आशा या अवधीवरच उभी आहे, आणि आपण योजू तो शब्द हा अवधी झाकणारा नसावा.