पळणारी मुलगी आणि धुराड्यातून येणारा प्रियकर: रोमानियातल्या प्रेमाच्या गोष्टी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'अं... म्हणजे...' काढून टाकलेत.

आधी एक सीन डोळ्यांसमोर आणा. दक्षिण रोमानियातलं जुन्या काळचं एक खेडं. तारीख 24 फेब्रुवारी. थंडी ओसरतेय, बर्फ वितळायला लागलाय. गावातली तरुण मुलं-मुली ठेवणीतले कपडे घालून टेकडीवरच्या रानात जातात. बर्फातून डोकं वर काढणारी पांढरी फुलं गोळा करतात, गप्पा मारतात. दुपार झाली की मुली उतारावरून गावाच्या दिशेने पळत सुटतात आणि प्रत्येक मुलगा आपल्याला आवडणाऱ्या मुलीच्या मागे. त्याने गाठलं आणि तिलाही तो आवडत असेल, तर सगळ्यांसमोर एक चुंबन. हे चुंबन म्हणजे वर्षभराचा साखरपुडाच, असं गाव धरून चालायचं.

या सणाचं नाव ड्रागोबेते. लोककथेतला ड्रागोबेते हा देखणा तरुण, प्रेमाचा राखणदार, बाबा दोकियाचा मुलगा. 'बाबा' म्हटल्यावर आपल्याला वडील आठवतात, पण रोमानियन भाषेत बाबा म्हणजे म्हातारी! ही म्हातारी मार्चच्या सुरुवातीच्या लहरी हवेची. ऊन पडलं म्हणून अंगावरचे मेंढीच्या कातड्याचे कोट एकेक करून टाकते आणि शेवटी थंडीने गोठून दगड होते. थोडक्यात, आई हिवाळ्याची आणि मुलगा वसंताचा. पक्षी याच दिवशी जोड्या जमवतात, अशीही समजूत आहे. म्हणून या दिवसाला पक्ष्यांचा साखरपुडा असंही म्हणतात.

आता मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग काय वाटलं, सांगू? पळण्याचा वेग. मागून येणारा मुलगा आवडत असेल तर पाय जरा जड करता येतात. नसेल तर जीव खाऊन पळायचं. तोंडाने 'हो' किंवा 'नाही' म्हणायची सोय जिथे फारशी नव्हती, तिथे मुलीचं उत्तर तिच्या पायांत होतं.

पण याला फार रोमँटिक करून चालणार नाही. या दिवशी जिला किंवा ज्याला कोणी भेटलं नाही, त्याच्या वाट्याला वर्षभर प्रेम येत नाही, असाही समज होता. सगळं गाव बघतंय, मैत्रिणींना कोणी ना कोणी गाठलंय आणि आपण एकट्याच घरी पोचलो! त्या मुलीला काय वाटत असेल? खेळ होता, पण प्रेशरही होतंच.

मग जिला दिवसाउजेडी उत्तर मिळालं नाही, ती काय करायची? नशिबाला विचारायची. 24 जूनच्या सुमाराला सिन्झिएने नावाचा सण येतो. सिन्झिएने म्हणजे माळावर फुलणारी बारीक पिवळी फुलं, आणि त्याच नावाच्या पऱ्यासुद्धा. मुली ती फुलं उशीखाली ठेवून झोपायच्या, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो. फुलांचा गोल हार करून घराच्या छपरावर फेकायचा. वर अडकला तर लग्न लवकर, खाली पडला तर अजून थांबा.

आता या सगळ्याची दुसरी, अंधारातली बाजू. तिचं नाव झ्बुरातोर, म्हणजे 'उडणारा'. हा रात्री ज्वाळेसारखा उडत येतो, धुराड्यातून घरात शिरतो आणि सुंदर तरुणाचं रूप घेऊन मुलींना, नव्या नवरीला छळतो. सकाळी मुलगी फिकट पडलेली, अंग दुखतंय, जेवण जात नाही, कशात लक्ष नाही. घरचे म्हणणार, हिला झ्बुरातोर लागला!

मोल्दावियाचा राजा आणि विद्वान दिमित्रिए कान्तेमिर याने 1714 ते 1716 या काळात आपल्या देशाचं वर्णन करणारं एक पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं. त्यात झ्बुरातोर आहे. वर तो मिश्कीलपणे नोंदवतो की काही नवऱ्यांनी असे 'उडणारे' पकडले, ते चांगले हाडामांसाचे निघाले आणि त्यांना योग्य तो प्रसादही मिळाला! पुढे 1844 मध्ये इऑन हेलियादे रादुलेस्कू या कवीने याच विषयावर कविता लिहिली. तिच्यातली तरुण मुलगी आपल्याला काय होतंय ते आईला सांगते आणि उपाय विचारते.

ही कल्पना मला भुताच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. मुलीने 'मला कोणीतरी हवंय' असं आईला सांगणं जवळपास अशक्य. पण 'मला काहीतरी लागलंय' हे सांगता येतं. मग दोष तिचा राहत नाही, धुराड्यातून आलेल्याचा होतो. ड्रागोबेतेने प्रेम चारचौघांत दाखवायला एक दिवस दिला. जे चारचौघांत सांगता येत नव्हतं, त्याला झ्बुरातोरने नाव दिलं.

आणि आज? 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली, मागोमाग व्हॅलेंटाइन डे रोमानियात पोचला. त्याला उत्तर म्हणून 'आपला स्वतःचा प्रेमाचा दिवस' अशी ड्रागोबेतेची नव्याने ओळख करून दिली गेली. शहरांत टेकडीवरून कोण पळणार? तिथे आता फुलं, भेटवस्तू आणि गाण्यांचे कार्यक्रम असतात.

आपण ब्लू टिक बघून, 'लास्ट सीन' तपासून समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखू बघतो. त्यापेक्षा टेकडीवर पळणं निदान व्यायाम तरी होता! तुमच्या आजीच्या गावात पोरीबाळी मनातलं कसं सांगायच्या, हे तिला एकदा विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवतो. भेटूया!