डोकेदुखी उशीमुळे की सुईमुळे?

केळवे-माहीमकडची एखादी बाळंतीण सिझेरियननंतर दुसऱ्या दिवशी उठून बसते आणि तिचे डोके ठणकू लागते. आडवी झाली की बरे वाटते. “उशी घेतलीस ना, म्हणून!” असा घरच्यांचा ठपका. पण दोष उशीचा नसतो.

कंबरेतून भूल देताना, किंवा तपासणीसाठी पाठीतले पाणी काढताना, सुई मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला भोक पाडते. आत, मेंदूभोवतीचा धरून, सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो. त्यात तरंगल्यामुळे १४०० ग्रॅमच्या मेंदूचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो. आर्किमिडीजचेच तत्त्व! भोकातून द्रव झिरपला की हा आधार कमी होतो, आणि उठून बसताच मेंदूभोवतीची आवरणे व रक्तवाहिन्या ताणल्या जातात.

जर्मनीतील कील येथे १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर या शल्यविशारदाने ही भूल स्वतःवर करून पाहिली. पिचकारी सुईला बसेना, बराच द्रव गळून गेला. पुढे नऊ दिवस डोकेदुखीने त्याला उठू दिले नाही.

सुई जितकी बारीक तितका त्रास कमी. (सुईचा गेज-क्रमांक वाढतो तशी ती बारीक होते, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे.) पण टोकाचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. जुन्या क्विंके सुईचे टोक बोरूसारखे तिरपे व धारदार असते. १९५१ मध्ये आलेल्या व्हिटेकर सुईचे टोक पेन्सिलीसारखे असून छिद्र बाजूला असते. गोणपाटात एकदा चाकू व एकदा पेन्सिल खुपसून पाहा: चाकू धागे कापतो, पेन्सिल ते बाजूला सारते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ११० चाचण्यांतील ३१ हजारांवर रुग्णांचा आढावा आला. धारदार टोकाने ११ टक्क्यांना डोकेदुखी झाली, बोथट टोकाने ४.२ टक्क्यांना.

मात्र गोणपाटाचे उदाहरण फार ताणू नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेन्सिलटोकाचे भोक उलट अधिक फाटके दिसले. त्या खडबडीत कडांना सूज येऊन भोक लवकर बुजत असावे, असा एक तर्क आहे.

सक्तीने उताणे निजवून ही डोकेदुखी टळत नाही, हेही चाचण्यांत दिसले आहे. दुखू लागल्यावर आडवे होण्याने आराम पडतो, एवढेच. ताप आला किंवा मान आखडली तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवावे. एरवी बहुधा काही दिवसांत दुखणे थांबते. न थांबल्यास रुग्णाचेच थोडे रक्त भोकाजवळ, आवरणाबाहेर टोचतात. ते गोठून ठिगळासारखे बसते. हा उपाय १९६० पासूनचा आहे.