बाळ आज वेगळंच वाटतंय

ज्वारीच्या पिठात पाणी किती घालायचं, हे आपण कधी मोजतो का? हात पिठात गेला की कळतं. पिठाची विरी गेली असेल तर पहिल्या गोळ्यालाच हात सांगतो, ही भाकरी थापताना चिरणार. कसं कळलं म्हणून कुणी विचारलं तर आपण म्हणतो, ‘वाटलं.’ या वाटण्यामागे हजारो भाकऱ्यांचा हिशेब असतो. तो वहीत नसतो, हातात असतो.

आज या ‘वाटण्या’बद्दलच बोलू या, पण चुलीपाशी नाही, बाळंतिणीच्या बाजेपाशी. तिथं त्याच्यावर एक जीव अवलंबून असतो.

दहा दिवसांची बाळंतीण म्हणते, ‘बाळ आज वेगळंच वाटतंय.’ कुणी म्हणतं, पहिलटकरीण आहे, घाबरते. कुणी म्हणतं, नजर लागली असेल. कुणी म्हणतं, गुणी बाळ आहे, झोपलंय तर झोपू दे. मग ती गप्प बसते.

आता जरा हिशेब करा. नवं बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं. म्हणजे दहा दिवसांत त्या पोरीनं शंभरएक वेळा बाळाला छातीशी धरलंय. त्याची ओढ किती जोराची, रडणं कसं, हातपाय कसे आखडून घेतं, हे तिच्या अंगाला ठाऊक झालंय. यातलं काही बदललं तर आधी तिलाच जाणवणार. शब्द मागून सापडतील.

आणि नवजात बाळाचं दुखणं गाजावाजा करून येत नाही. जंतू रक्तात शिरले तरी ताप येईलच असं नाही, उलट अंग गारही पडतं. म्हणून ‘गुणी बाळ’ हा शब्द मला थोडा धोक्याचा वाटतो. भुकेला उठून घर डोक्यावर घेणारं बाळ आज पाजायच्या वेळेलाही जागं होत नसेल, तर ते गुणी झालेलं नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम केलं. त्यासाठी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. बाळाला जंतुसंसर्ग झालाय का, हे ओळखायला त्यांच्याकडे काही मोठं यंत्र नव्हतं. रडणं आधी नीट होतं, आता क्षीण झालं का? दूध ओढणं कमी झालं का, थांबलं का? अंग लुळं पडलंय का? असे प्रश्न होते. ‘आधी’ आणि ‘आता’ यातला फरक आईशिवाय कोण सांगणार? त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. ही घरभेटींची पद्धत पुढं, २०११ पासून, देशभर आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येतात, ते यासाठीच.

पण नुसतं ‘वाटतंय’ म्हणून घर हलत नाही, हेही आपल्याला माहीत आहे. तेव्हा त्या वाटण्याला हात आणि डोळे जोडा. उलट्या हातानं बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावून बघा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय, आपल्या उघड्या छातीशी धरा आणि वरून पांघरूण घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखान्याची वाट धरा. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हण्यासारखा आवाज येत असेल, तर थांबू नका. झटके, फुगलेलं पोट, बेंबीतून पू, यांनाही सकाळची वाट बघायची नसते. आणि यातलं काहीच सापडलं नाही, तरी आईच्या मनातलं जात नसेल तर? तरी दाखवून या. बाळ ठणठणीत निघालं तर एक खेप वाया गेली, एवढंच.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. रीत म्हणजे आतला आवाज नव्हे. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडानं डागायची रीत आहे, तिला डम्मा म्हणतात. कुठं बेंबीवर राख लावतात. हे करताना आईचा हात मागं येत असतो, तिला ते बघवत नाही. तो मागं येणारा हात खरा.

गटातल्या बायांनी इथं खूप करता येईल. नव्या सुनेचं घरात ऐकलं जात नाही, पण गटातली दोन वडीलधारी माणसं दारात उभी राहिली की ऐकलं जातं. १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्या बाळाचे उपचार आणि तिथवरची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका. डॉक्टरांपुढं ‘बाळाला बरं नाही’ एवढंच सांगू नका. ‘काल दिवसभरात नऊ वेळा प्यालं, आज तीनदाच, तेही दोन घोट घेऊन सोडलं,’ असं आईलाच सांगू द्या, मधे बोलू नका. वाटेत बाळ आईच्या छातीशीच राहू द्या, टोपी आणि मोजे घाला. ओढत असेल तर पाजत राहा. ओढत नसेल तर तोंडात पाणी, मध, घुटी काही घालू नका, आणि पोचल्या पोचल्या तेच पहिलं सांगा.