बॉक्स गेला की वायर? टीव्ही बंद पडला तर आधी काय बघायचं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं आमचं हे बोलणं मैत्रिणींच्या मागणीवरून इथे देत आहोत.)



संध्याकाळची भाकरी-कालवण उरकून जरा टेकावं म्हणून टीव्ही लावावा आणि नेमके तेव्हाच चित्राचे चौकोनी तुकडे व्हावेत. आवाज तुटावा, आणि मग काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी यावी. आपल्या उरणमध्ये पावसाळ्यात हे घरोघरी होतं. आज त्याबद्दलच बोलू या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंकडे असंच झालं. सासूबाईंचं सकाळचं कीर्तन बंद पडलं. केबलचा माणूस आला, दारातूनच म्हणाला, “बॉक्स गेला, नवीन घ्यावा लागेल.” ताई गटातून कर्ज मागायला आल्या. आम्ही म्हटलं, थांबा, आधी आपण बघू. शेजारणीकडे त्याच केबलवाल्याचा बॉक्स होता. तो पाच मिनिटांसाठी आणून ताईंच्या वायरीला जोडला. तोही तसाच अडखळला! मग ताईंचा बॉक्स शेजारणीच्या वायरीला लावला, तर चित्र लख्ख. म्हणजे दोष बॉक्सचा नव्हता, वायरीचा होता. वायरीची पिन काढून पाहिली तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. केबलच्या माणसाला पुन्हा बोलावून तेवढा तुकडा कापायला लावला, नवी पिन बसवली, आणि कीर्तन सुरू झालं. पिनेला काही रुपये लागले, आणि कर्ज मात्र वाचलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जाऊ. पूर्वी केबल अ‍ॅनालॉग होती. सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही मालिका दिसायची. मग सरकारने केबल डिजिटल करायचं ठरवलं आणि देशाचे चार टप्पे पाडले. मुंबई पहिल्या टप्प्यात होती, २०१२च्या ऑक्टोबरअखेरीस. शेवटच्या टप्प्यातल्या गावांची मुदत ३१ मार्च २०१७ला संपली. तेव्हापासून घरोघरी सेट टॉप बॉक्स आले.

डिजिटलमध्ये चित्र आकड्यांच्या रूपात येतं. वाटेत काही आकडे गळाले तर बॉक्स ते हिशेबाने भरून काढतो. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाताना लाँचच्या इंजिनाच्या आवाजात आपण बोलतो, तसंच हे आहे. एखादा शब्द ऐकू आला नाही तरी वाक्य कळतं. पण निम्मे शब्द बुडाले तर काहीच कळत नाही. बॉक्सचंही तेच होतं. सिग्नल थोडा कमी असेपर्यंत चित्र स्वच्छ दिसतं, आणखी कमी झाला की चौकोन पडतात, आणि मग एकदम काळोख. त्यामुळे आपल्याला वाटतं, काल चांगला होता आणि आज अचानक बॉक्स मेला. खरं तर वायर महिनोन् महिने हळूहळू खराब होत आलेली असते.

वायर खराब का होते? आपल्याकडची हवा खारी. नागाव, केगाव, करंजा, मोरा, कुठेही जा, लोखंड गंजतं आणि तांबं हिरवं पडतं. घारापुरीला २०१८ साली समुद्राखालून केबल टाकून वीज नेली. ती केबल खाऱ्या पाण्यात राहूनही चालते, कारण तिच्यात पाण्याला शिरायला जागाच ठेवलेली नाही. आपल्या टीव्हीच्या वायरीला मात्र सुईएवढं भोक पडलं तरी पाणी जाळीतून झिरपत थेट पिनेपर्यंत येतं. म्हणून वायर घरात शिरते तिथे बाहेरच्या बाजूला तिला खाली झोळ हवा. पावसाचं पाणी झोळाच्या तळातून गळून जातं, भिंतीच्या भोकातून आत येत नाही.

आता टीव्ही बंद पडला तर क्रमाने काय करायचं ते लक्षात ठेवा.

पहिलं, शेजारी विचारा. सगळ्या आळीचा टीव्ही बंद असेल तर दोष बाहेरचा. खांबावर सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो, तो विजेवर चालतो. आपल्या घरात इन्व्हर्टर असला तरी खांबाकडची वीज गेली की केबल जाते. तेव्हा घरातलं काही उचकटू नका.

दुसरं, टीव्हीचा सोर्स बघा. मुलं मोबाइल किंवा पेनड्राइव्ह लावून गेली की टीव्ही एचडीएमआयवरून दुसरीकडे गेलेला असतो. टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्स बटण दाबून योग्य जागा निवडा. तीन रंगांच्या पिना असतील तर पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची.

तिसरं, रिमोट चालतो का बघा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. बहुतेक मोबाइलवर जांभळट उजेड लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट ठीक आहे, नाही तर सेल बदला.

चौथं, बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून दोन मिनिटं बंद ठेवा. रिमोटने बंद केला तर तो फक्त झोपतो. पुन्हा सुरू केल्यावर पाच मिनिटं धीर धरा. बॉक्स सारखा आपोआप बंद-चालू होत असेल तर अडॅप्टर कमजोर झाला असू शकतो. बॉक्सवर लिहिलेत तेवढ्याच व्होल्टचा अडॅप्टर लावायचा, दुसरा चुकूनही नाही. आणि बॉक्सवर क्रोशाचा रुमाल घालू नका. भोकं झाकली की बॉक्स तापतो आणि अडकतो.

पाचवं, वायर. बॉक्स बंद करून पिन हाताने घट्ट करा. दोन टीव्हींना वायर वाटून देणारी डबी, म्हणजे स्प्लिटर असेल तर ती मधून काढून वायर थेट बॉक्सला लावून बघा. ती डबी सिग्नल निम्मा करते. थेट लावल्यावर चित्र आलं तर दोष तिथेच.

सहावं, नीट बघा की सगळे चॅनल गेलेत की काहीच. दहा-पंधरा चॅनल मेथीच्या जुडीसारखे एकत्र बांधून पाठवलेले असतात. एकाच जुडीतले चॅनल तुटत असतील तर सिग्नलचा दोष. एखादाच चॅनल बंद असून पडद्यावर ‘सदस्यता नाही’ असं येत असेल तर तो तुमच्या पॅकमध्ये नाही किंवा पैसे भरायचे राहिलेत. फेब्रुवारी २०१९पासून चॅनल आपण निवडून घ्यायचे असतात. पैसे भरल्यावर बॉक्स पंधरा-वीस मिनिटं चालूच ठेवा, कारण कुलूप उघडण्याचा आदेश वायरीतूनच येतो. बंद बॉक्सला तो मिळत नाही.

काही घरांत मुलांनी केबलची वायर थेट कॉम्प्युटरला जोडायचा प्रयत्न केला आहे. त्याबद्दल आम्हाला बरेचदा विचारतात. पूर्वी कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड टाकलं की केबल दिसायची. ती अ‍ॅनालॉगची गोष्ट. आता कायद्याप्रमाणे सगळे चॅनल कुलूपबंद होऊन येतात, आणि किल्ली केबलवाल्याच्या बॉक्सातच असते. ट्यूनर कार्ड कितीही नवं आणलं, नव्या टीव्हीत ट्यूनर आधीच बसवलेला असला, तरी कुलूप उघडत नाही. म्हणून कार्डावर पैसे घालू नका. बॉक्सची एचडीएमआय वायर सरळ मॉनिटरला लावा. मॉनिटरला स्पीकर नसेल तर चित्र येईल पण आवाज येणार नाही. तेव्हा बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनांवरून स्पीकर जोडून घ्या.

आता जे करायचं नाही ते. बॉक्स उघडायचा नाही. खांबावर चढायचं नाही, मुलांनाही चढू द्यायचं नाही. केबलच्या पिनेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कुठून तरी करंट उतरतोय. मेन स्विच बंद करा आणि जाणकार माणूस बोलवा. ढग जमले की गडगडाटाआधीच वायर आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवा. विजा चमकत असताना मात्र त्यांना हात लावू नका. आणि फोनवर कुणी बॉक्स बंद पडेल असं घाबरवून ओटीपी मागितला तर देऊ नका.

एवढं करून टीव्ही सुरू झाला नाही तर केबलवाल्याला फोन करा. नुसतं ‘टीव्ही बंद आहे’ म्हणू नका. “दुसऱ्याचा बॉक्स आमच्या वायरीवर चालत नाही, आमचा त्यांच्याकडे चालतो,” असं सांगा. मग कोणी दारातूनच नवा बॉक्स घ्या म्हणणार नाही. तक्रारीचा नंबर मागून घ्या, पैसे दिले की पावती घ्या आणि दोन्ही गटाच्या वहीत लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीला एकीने आपला बॉक्स घेऊन या. पिन कशी काढायची, सोर्स कसा बदलायचा, हे सगळ्या जणी हाताने करून बघू. एकदा हात बसला की पावसाळ्यात कुणालाही हजार-दीड हजाराला फसावं लागणार नाही.