शिफ्टच्या वहीतली इंग्रजी

चांदवड तालुक्यातली आपली मुले कारखान्यात लागली की ब्रिक्स, पोल, मोलॅसिस हे शब्द महिन्याभरात तोंडपाठ होतात. गाडी अडते ती वाक्यापाशी. एका कारखान्यात शिफ्टच्या वहीत आम्ही 'पंप नॉट वर्किंग' एवढीच नोंद पाहिली. पंप जळला, तुंबला, की मुद्दाम बंद ठेवला? पुढच्या पाळीचा अर्धा तास हेच शोधण्यात गेला. तोवर तोडलेला ऊस गाड्यांत वाळतो, उतारा घटतो. आणि आपली एफआरपी ठरते ती उताऱ्यावरच.

दोष पोरांचा नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. आम्ही तर पाचवीत एबीसीडी गिरवलेले. व्याकरण पाठ, पण तोंड म्हणून उघडत नाही!

पाळी बदलताना काय झाले, किती वाजता, काय केले, एवढेच आधी मराठीत आणि मग मोठ्याने इंग्रजीत सांगावे. 'पंप चोक्ड ॲट टू. क्लीन्ड. स्टार्टेड ॲट टू थर्टी.' इतकी इंग्रजी पुरते. फोनवर कळले नाही तर 'प्लीज से इट अगेन' म्हणायला लाजू नये. कोणी हसलाच, तर पुढची नोंद त्यालाच वाचायला लावावी.

मुलगा पाळीवरून घरी आला की त्याला आजचे काम इंग्रजीत सांगायला लावा. आपल्याला नाही कळले तरी चालेल.